मोहरीतलं नरवंध्यत्व शिकून नोकरी मिळेल का?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. रेपसीडमधलं जनुकीय नरवंध्यत्व, म्हणजे जनुकामुळे फुलात पराग तयार न होणं, आणि संकरित बियाणं यावर सेमिनार दिला, तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे. एम.एस्सी. वनस्पती पैदास शास्त्रात करू की बायोटेकमध्ये? घरचे म्हणतात, मोहरी आपल्याकडे कोण पिकवतं, एमपीएससीचा अभ्यास कर.

उत्तर : घरच्यांचं निम्मं बरोबर आहे. रेपसीड, म्हणजे ब्रासिका नेपस, हे मोहरीच्याच कुळातलं, पण मुख्यतः चीन, कॅनडा आणि युरोपचं पीक. आपल्या देशात ते गोभी सरसों या नावानं पंजाब-हिमाचलकडे थोडंफार दिसतं. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशात पिकते ती मोहरी, ब्रासिका जुन्शिया. त्यामुळे या पिकात काम करायचं तर महाराष्ट्राबाहेर जावं लागेल. पण जनुकीय नरवंध्यत्व शिकायला तूर आणि करडईचं शेत पुरतं, आणि ती दोन्ही तुझ्या दारात आहेत.

आधी एक हिशोब कर. मोहरीला हेक्टरी ५ किलो बियाणं धरलं आणि हजार दाण्यांचं वजन ५ ग्रॅम धरलं, तर हेक्टरला १० लाख दाणे लागतात. एका शेंगेत १२ दाणे म्हटले तरी ८० हजारांवर फुलं, आणि प्रत्येक फुलात ६ पुंकेसर. कपाशीत हातानं संकर परवडतो, कारण एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या मिळतात आणि एकरी बियाणं थोडं लागतं. मोहरीत चिमट्यानं एवढं काम होणं शक्य नाही, म्हणून मादी ओळीत परागकण तयारच होऊ नयेत अशी सोय लागते.

जनुकीय नरवंध्यत्वात ही सोय केंद्रकातल्या जनुकामुळे होते. साध्या अप्रभावी प्रकारात वंध्य झाड एमएस-एमएस असतं, म्हणजे त्यात वंध्यत्वाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. ते टिकवण्यासाठी त्याचा संकर त्याच ओळीतल्या विषमयुग्मी, म्हणजे एकच वंध्य प्रत असलेल्या, सुपीक भावंडाशी करावा लागतो, आणि पुढच्या पिढीत निम्मी झाडं वंध्य, निम्मी सुपीक निघतात. सगळी डोकेदुखी या निम्म्यात आहे. कळी येईपर्यंत दोन्ही झाडं अगदी सारखी दिसतात. पहिली फुलं उमलली की वंध्य झाडाचे पुंकेसर आखूड, परागकोश सुकलेले आणि पिवळी भुकटी नसलेले दिसतात. तेव्हा रोज सकाळी मादी ओळींतून फिरून सुपीक झाडं उपटायची असतात. दोन दिवस चुकले की मधमाशा त्यांचे पराग शेजारच्या वंध्य झाडांवर नेतात, आणि पोत्यात संकराबरोबर मादी ओळीचंच बियाणं येतं. निम्मी झाडं काढायची म्हणून मादी ओळ सुरुवातीला दाट पेरावी लागते. नवशिके बरेचदा एवढंच विसरतात आणि फुलोऱ्यात शेत विरळ झालं की घाबरतात.

मग ही पद्धत टिकली कशी? हिचा मोठा फायदा असा की जवळजवळ कुठलीही सुपीक ओळ नर म्हणून चालते आणि संकर पूर्ण सुपीक होतो. पेशीद्रव्यीय, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रव्यातून येणाऱ्या, नरवंध्यत्वात त्यासाठी योग्य रिस्टोरर (सुपीकता परत आणणारं) जनुक असलेली ओळच शोधावी लागते. शिवाय चीनमधली पोलिमा ही पेशीद्रव्यीय पद्धत तापमान बदललं की डगमगते, वंध्य फुलात थोडे पराग दिसू लागतात आणि बियाण्याची शुद्धता घसरते. म्हणून चिनी पैदासकारांनी दोन्ही वाटा चालू ठेवल्या. १९९०च्या दशकात त्यांनी ९०१२एबी या ओळीपासून तात्पुरत्या मेंटेनरची (वंध्यत्व पुढच्या पिढीत टिकवणाऱ्या ओळीची) तीन ओळींची पद्धत उभी केली. वंध्य झाडाचा त्या मेंटेनरशी संकर केला की पुढची पिढी पूर्ण वंध्य येते, मादी शेतात उपटणी राहत नाही.

दुसरा उपाय जैवतंत्रज्ञानाचा. बार्नेज जनुक परागकोशाच्या आतल्या थरात काम करून पराग मारतं, बार्स्टार त्याला थांबवतं. बार्नेजला तणनाशक-सहनशील जनुक जोडलेलं असल्यानं फवारणीत सुपीक निम्मी झाडं मरतात आणि उपटणी वाचते. दिल्ली विद्यापीठाची डीएमएच-११ ही मोहरी याच जनुकांवर उभी आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये जीईएसीनं, म्हणजे जनुकीय पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीनं, तिच्या पर्यावरणीय प्रसाराची शिफारस केली, तर जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे निकाल वेगवेगळे आले. या एका वाणाच्या भरवशावर करिअर आखू नकोस.

आता पैदास की बायोटेक. माझं मत स्पष्ट आहे : पैदास शास्त्र घे, मार्कर (जनुक ओळखायच्या डीएनएवरच्या खुणा) त्यातच शिक. सुपीक झाडात वंध्यत्वाची एक प्रत लपली आहे की एकही नाही, हे डोळ्याला दिसत नाही. अप्रभावी जनुक दुसऱ्या वाणात नेताना दर बॅकक्रॉसनंतर (त्या वाणाशी पुन्हा केलेल्या संकरानंतर) स्वफलन करून वाहक झाड शोधावं लागतं, मार्कर असेल तर ती पिढी वाचते. पण शेतातल्या लाखो रोपांची डीएनए तपासणी परवडत नाही, तिथे कळी ओळखणारा माणूसच लागतो.

आणि थोडं गणित पक्कं कर. एस४५एबीसारख्या रेपसीड ओळीत एकच काम करणारी दोन समांतर अप्रभावी जनुकं आहेत. दोन्ही जागी विषमयुग्मी झाडाच्या स्वफलनातून १५ सुपीक : १ वंध्य असं प्रमाण मिळतं. १६ झाडं लावलीस तर साधारण तीनपैकी एका वेळी एकही वंध्य झाड दिसणार नाही. किमान एक दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी तर ४७ झाडं लावायला हवीत. कळीत १०० झाडं मोजून ५२ वंध्य, ४८ सुपीक आली, तर काय-वर्ग (अपेक्षित आकड्यांपासूनचा फरक मोजणारी संख्याशास्त्रीय चाचणी) ०.१६ येतो. तो ३.८४पेक्षा कमी, म्हणजे १:१ मान्य.

जनुकीय नरवंध्यत्व कुठे अडकतं, हे तुरीत पाहा. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा आयसीपीएच-८ हा तुरीचा पहिला संकर १९९१मध्ये आला, उत्पादन चांगलं होतं, पण याच निम्म्या झाडांच्या उपटणीपायी बियाण्याचा खर्च वाढला आणि तो पसरला नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे एकेपीएच-४१०१ आणि एकेपीएच-२०२२ हे तुरीचे संकरही जनुकीय पद्धतीचेच. फलटणच्या निंबकर संस्थेचा नारी-एनएच-१ हा बिनकाट्यांचा करडई संकरही तसाच.

प्रवेशासाठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) पदव्युत्तर परीक्षा दे आणि पर्याय भरताना पंतनगर, लुधियाना, हिसार, दिल्लीचं पुसा वर ठेव, कारण मोहरीचं काम तिथे होतं. भरतपूरच्या राई-मोहरी संस्थेत प्रबंधाचं काम मिळेल का, हे निवडलेल्या विद्यापीठाच्या मार्गदर्शकाला प्रवेशाआधीच विचार. बियाणं कंपनीत जायचं असेल तर जालन्यात वर्षभर उत्पादन विभागात राहून पाहा. शास्त्रज्ञपदासाठी एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची) नेट आणि एआरएस परीक्षा आहे, पात्रता त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाच. एमपीएससीचा अर्ज भरायला हरकत नाही, दोन्ही अभ्यासात कृषी विषय सामाईक आहे.

या रब्बीत मोहरीच्या चार ओळी पेर. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या संध्याकाळी निवड, सहाही पुंकेसर काढ, पिशवी बांध, सकाळी पराग लाव. तासाला किती कळ्या झाल्या आणि किती शेंगा धरल्या, ते वहीत लिही.