धमकीचा ईमेल आलाय, तो नेमका कुठून पाठवला हे मला शोधता येईल का?

घरच्या पत्त्यापर्यंत नाही. फार तर कोणत्या सर्व्हरवरून किंवा कोणत्या इंटरनेट कंपनीच्या जोडणीवरून आला एवढं कळेल. जीमेल संगणकावर उघडा (मोबाइल ॲपमध्ये ही सोय नाही), त्या मेलवरच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' निवडा. 'रिसीव्ह्ड' ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर जोडत जातो. सर्वात खालच्या ओळीवर मात्र लगेच विश्वास नको. तुमच्या मेल सेवेने स्वतः लिहिलेली ओळ खरी, त्याखालचं सगळं पाठवणारा बनवू शकतो. त्या खऱ्या ओळीतला आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या जोडणीचा आकडी पत्ता) 'हूइज' (Whois) या ऑनलाइन शोधसेवेत टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. '१९२.१६८.' किंवा '१०.' (१० आणि लगेच टिंब) ने सुरू होणारा आकडा असेल तर सोडून द्या, तो कुणाच्या तरी आतल्या नेटवर्कचा आहे.

पाठवणाऱ्याने जीमेलच्या वेबसाइटवरून लिहिलं असेल तर गूगलचाच सर्व्हर दिसेल, पाठवणाऱ्याचा आयपी नाही. तिथे 'डेट' ओळीतला वेळेचा पट्टा (उदा. +०५३० म्हणजे भारतीय वेळ) एवढाच धागा उरतो, आणि तोही बदलता येतो.

पुढचं काम पोलिसांचं: लॉगिनच्या नोंदी मेल कंपनीकडून तेच मागवू शकतात. तक्रार सायबर क्राइम पोर्टलवर करा. मेल फॉरवर्ड करून देऊ नका, मूळ हेडर (मेलच्या प्रवासाच्या या ओळी) त्यात उरत नाहीत. 'शो ओरिजिनल' च्या पानावरून 'डाउनलोड ओरिजिनल' करून ती फाइल द्या. आणि मूळ मेल डिलीट करू नका.