एका विभागाला दिलेली माहिती दुसऱ्याच्या हाती

प्रश्न : सप्रेम नमस्कार. निवृत्तिवेतनासाठी मी एका सरकारी कार्यालयात माझा पत्ता, उत्पन्न आणि बँकेचा तपशील दिला होता. मागील महिन्यात भलत्याच विभागाकडून मला एक पत्र आले आणि मी त्यांना कधीही न दिलेला हा सारा तपशील त्यात छापलेला होता. चौकशी केली तेव्हा, दोन्ही विभागांचे संगणक आता जोडलेले आहेत, असे उत्तर मिळाले. अशी देवाणघेवाण योग्य आहे का? आणि जाळ्यावरून जाताना माहिती फुटण्याची भीती कितपत?

उत्तर : आपला दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी हातावेगळा करतो. जाळे वापरले नाही म्हणून माहिती सुरक्षित राहते असे नाही. ब्रिटनच्या महसूल विभागाने २००७ साली बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांतील सुमारे अडीच कोटी व्यक्तींचा तपशील दोन सीडींवर भरून लेखापरीक्षण कार्यालयाकडे रवाना केला आणि त्या सीडी वाटेतच गहाळ झाल्या. त्यांना पासवर्ड होता, पण माहिती कूटबद्ध, म्हणजे परक्याला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, केलेली नव्हती. लेखापरीक्षकांना पत्ते आणि बँकेचा तपशील नकोच होता. ते रकाने वगळायला जादा खर्च येईल म्हणून सगळेच पाठवले गेले.

योग्यायोग्यतेचा प्रश्नही इथूनच सुरू होतो. विभागांनी एकमेकांशी बोलूच नये, असा आग्रह मी धरणार नाही; तोच दाखला चार खिडक्यांवर सादर करायला लावल्याने कोणाचा खासगीपणा राखला जात नाही. पण एका विभागाने दुसऱ्याला नेमकी चौकशी करणे वेगळे आणि त्याची अख्खी नोंदवही उचलून आपल्याकडे आणून ठेवणे वेगळे. अर्जदाराने वयाची पासष्टी ओलांडली आहे का, एवढेच जाणून घ्यायचे असेल तर ‘होय’ किंवा ‘नाही’ हे उत्तर पुरते. त्यासाठी जन्मतारीखसुद्धा लागत नाही, मग पत्ता आणि बँक तर दूरच. एस्टोनियात २००१ पासून वापरात असलेल्या ‘एक्स-रोड’ या व्यवस्थेत सर्वांची माहिती एका ठिकाणी साठवली जात नाही. प्रत्येक विभागाच्या नोंदी त्याच्याच सर्व्हरवर राहतात, मागणारा विभाग इलेक्ट्रॉनिक सहीनिशी चौकशी पाठवतो, उत्तर कूटबद्ध होऊन येते आणि या व्यवहाराची वेळेसह नोंद राहते. आपली माहिती कोणत्या विभागाने केव्हा पाहिली, हे तिथल्या नागरिकाला अनेक नोंदवह्यांच्या बाबतीत सरकारी संकेतस्थळावर पाहताही येते. माझ्या मते यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, कारण ज्या कर्मचाऱ्याकडे किल्ली अधिकृतपणेच असते त्याचे नसते कुतूहल कुलूप रोखू शकत नाही. आपण पाहिल्याची नोंद राहते, हे ठाऊक असले तर ते बरेचसे आवरते.

आपण विचारलेले नाही, पण माहिती फुटण्यापेक्षा मला अधिक धास्ती वाटते ती चुकीच्या ताळमेळाची. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून कर विभागाकडील उत्पन्नाचे आकडे भत्ते देणाऱ्या विभागाच्या नोंदींशी ताडून वसुलीची पत्रे निघू लागली. ‘रोबोडेट’ या नावाने ही योजना पुढे बदनाम झाली. कर विभागाचा आकडा वर्षाचा होता, भत्ता मात्र पंधरवड्याच्या कमाईवर ठरत असे, म्हणून वर्षाच्या आकड्याला सरळ २६ ने भागण्यात येई. समजा, एखाद्याने पहिले १३ पंधरवडे दोन-दोन हजार डॉलर कमावले आणि नंतर नोकरी गेल्यामुळे उरलेले १३ पंधरवडे भत्ता घेतला. भागाकारानंतर तो वर्षभर दर पंधरवड्याला एक हजार डॉलर मिळवत होता असे दिसते आणि रीतसर घेतलेला भत्ता त्याच्या अंगावर कर्ज म्हणून येतो. दोन्ही नोंदवह्या आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांच्या जोडणीतून खोटे उभे राहिले. चौकशी आयोगाने २०२३ साली ही योजना अन्याय्य आणि बेकायदा ठरवली. विशेष म्हणजे, संगणकाने दाखवलेली तफावत स्वतंत्रपणे पडताळावी आणि भत्ता रोखण्यापूर्वी संबंधित व्यक्तीला नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे बंधन अमेरिकेने १९८८ च्या कायद्यानेच आपल्या विभागांवर घातले होते.

आता आपल्या पत्राविषयी. ही माहिती कोणत्या कायद्याच्या आधारे, कोणत्या कामासाठी आणि कोणकोणत्या रकान्यांसह घेतली, अशी लेखी विचारणा त्या विभागाकडे करा. आपण मूळ अर्जावर संमतीची सही केली होती, असे उत्तर येण्याचा संभव आहे; परंतु सही केल्याशिवाय निवृत्तिवेतनच मिळणार नसेल तर तिला संमती म्हणणे कठीण आहे, तेव्हा कायद्यातील तरतूद दाखवण्याचाच आग्रह धरा. छापलेला तपशील मात्र आजच अक्षरन् अक्षर तपासा. चूक आढळली तर ती निवृत्तिवेतनाच्या मूळ कार्यालयात दुरुस्त करून घ्या आणि पोच जपून ठेवा, कारण केवळ दुसऱ्या विभागाकडे दुरुस्ती केली तर पुढच्या वेळी मूळ नोंदीतून माहिती येईल तेव्हा तीच चूक पुन्हा छापून येईल.