अस्सल बरहुकूम खुर्ची

एका अनुवादिकेचा प्रश्न आहे. घरसजावटीवरच्या एका लेखाचं मराठी करताना त्या 'रीइश्यू' या शब्दापाशी अडल्या. लेख आहे १९५०-६०च्या सुमाराच्या खुर्च्या, टेबलं आणि दिवे पुन्हा बनवून आजच्या घरांत आणण्याबद्दल. त्यांनी 'पुनर्जारी' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'प्रतिकृती' केलं आणि त्यांना दोन्ही खटकतंय. 'पुनरुज्जीवन' चालेल का, असं त्या विचारतात.

'पुनर्जारी' सोडूनच द्या. जारी होतो तो हुकूम, अध्यादेश, फार तर वॉरंट. खुर्ची जारी होत नाही. 'प्रतिकृती'ची अडचण वेगळी आहे. शब्द चांगला, रुळलेला, पण मराठी कानाला त्यात लहानपणा आणि प्रदर्शन ऐकू येतं. दिवाळीत अंगणात होते ती रायगडाची प्रतिकृती, संग्रहालयात काचेआड असते ती गलबताची प्रतिकृती. प्रतिकृती बघायची असते. तिच्यावर रेलून कोणी पेपर वाचत नाही.

'पुनरुज्जीवन' मात्र थोडं थांबून पाहावं असं आहे. आपल्या रंगभूमीने हा शब्द छान घडवलाय. जुनं नाटक नव्या संचात उभं राहतं तेव्हा त्याला आपण पुनरुज्जीवित नाटक म्हणतो. संहिता तीच, नटमंडळी नवी. खुर्चीलाही हे लागू पडतं: आराखडा तोच, लाकूड आणि कारागीर नवे. पण या शब्दात एक विधान दडलेलं आहे. मधल्या काळात ती गोष्ट बंद पडली होती, असं तो सांगतो. ग्रेटा ग्रॉसमन यांचा १९४७चा 'ग्रासहॉपर' दिवा, तीन पायांवर जरा मागे झुकून उभा असलेला, कितीतरी वर्षांनी डेन्मार्कच्या गुबी कंपनीने पुन्हा बनवायला घेतला. तिथे पुनरुज्जीवन बिनचूक बसतं. उलट इसामु नोगुची यांचे 'आकारी' दिवे घ्या. १९५१ साली ते जपानातल्या गिफू गावी गेले, तिथले बांबूच्या कामट्यांवर कागद चढवलेले पारंपरिक कंदील पाहिले आणि त्यातून हे दिवे घडवले. गिफूत ते आजही हातानेच बनतात. हान्स वेग्नर यांची वाय आकाराच्या पाठीची खुर्चीही १९५०पासून बनतेच आहे, आणि तिची बैठक सुमारे १२० मीटर कागदी सुतळीने विणावी लागते. जे कधी गेलंच नाही त्याचं पुनरुज्जीवन कसं म्हणायचं? अशा वस्तूंपुढे 'तेव्हापासून अखंड बनणारी' एवढंच लिहावं. शब्द जास्त लागतात, पण वाक्य खरं राहतं.

मूळ आराखड्यावरून, हक्कदारांच्या संमतीने, पुन्हा तशीच बनवलेली वस्तू. नेमकं याला काय म्हणायचं? मला वाटतं, हा शब्द आपल्याकडे आहे आणि तो तहसील कचेरीत पडून आहे.

माझे वडील महसूल खात्यात होते. लहानपणी त्यांच्या टेबलावरच्या उताऱ्यांवर शेवटी ठरलेला एक मजकूर असायचा: 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. मला ते कोडंच वाटायचं. नक्कल, आणि वर खरी? वडील म्हणायचे, "अरे, नक्कल म्हणजे खोटं नव्हे. नक्कल म्हणजे उतरवून घेतलेलं."

त्यांचं म्हणणं शब्दाच्या इतिहासाला धरूनच होतं. अरबी 'नक्ल' म्हणजे उतरवून घेणं, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. मराठीत त्या शब्दाने कितीतरी संसार केले. कचेरीत सातबाऱ्याची नक्कल. नाटक मंडळीत नटाच्या वाट्याचं उतरवलेलं भाषण तेही नक्कल, म्हणून 'नक्कल पाठ आहे का?' असं विचारायचे. गल्लीत कुणाची चाल-बोली करून दाखवणं ही नक्कल, आणि बाजारात तिचंच विशेषण झालं 'नकली'. यातला शेवटचा संसार आज एवढा माजलाय की बाकीचे झाकले गेले. म्हणून खुर्चीला नुसतं 'नक्कल' म्हणायला मीही धजणार नाही, वाचक फसवणूकच समजेल.

पण 'बरहुकूम'ला असा डाग लागलेला नाही. फारसी 'बर' म्हणजे वर, अनुसार आणि अरबी 'हुक्म' म्हणजे आज्ञा. 'ठरल्याबरहुकूम', 'त्याबरहुकूम' आपण अजून म्हणतो. 'अस्सल' आला 'अस्ल'वरून, म्हणजे मूळ. अस्सल बरहुकूम म्हणजे मुळात जसं आहे तसं, अक्षराचाही फेर न करता. परवाना घेऊन, मूळ मापं पाळून बनवलेल्या खुर्चीचं याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही. 'ही खुर्ची १९५६च्या आराखड्याबरहुकूम बनवली आहे.' वाचकाला यात अडायला होत नाही, आणि कशाबरहुकूम ते सांगणं शब्दच भाग पाडतो. मला तो आवडतो तो यासाठी. 'रीइश्यू' म्हटलं की मूळ कोणतं हा प्रश्न कुणी विचारत नाही.

विचारला तर काय होतं ते चंडीगढच्या खुर्च्यांत दिसतं. चंडीगढ शहराचा आराखडा करणारे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जनरे १९५१मध्ये चंडीगढला आले आणि १९६५पर्यंत तिथेच राहिले. नव्या शहराच्या कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, वसतिगृहं यांना हजारोंनी सामान लागणार होतं. त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी, त्यांत वास्तुकार युली चौधरी होत्या, सागवान आणि वेत यांतून ते उभं केलं. कंपासाच्या दोन टोकांसारखे फाकलेले पाय आणि वेताची पाठ. वेगवेगळ्या कारखान्यांतल्या सुतारांनी ते बनवलं, त्यामुळे एकच खुर्ची मापात, हाताच्या गोलाईत, सांध्यात थोडीथोडी निराळी होत गेली. पुढे त्या मोडीत निघाल्या, गच्च्यांवर आणि आवारांत ढीग लागले, लिलावात भंगाराच्या भावाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि आज युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांना लाखोंनी किंमत येते. २०११मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने हा वारसा विकायला बंदी घातली. ज्या खुर्चीत कारकून वीस वर्षं बसला तिची किंमत आपल्याला बाहेरच्यांनी सांगावी लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बंगळूरची फँटम हँड्स ही मंडळी या खुर्च्या नव्याने बनवतात. त्या कशाबरहुकूम? एकच एक अस्सल नाहीच. इथे मला पोथ्या आठवतात. ज्ञानेश्वरीच्या हातोहात नकला होत गेल्या, पाठभेद वाढले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६मध्ये अनेक पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. चंडीगढची खुर्ची पुन्हा बनवणाऱ्यालाही असंच करावं लागतं: जुन्या खुर्च्या मोजायच्या, भेद पाहायचे, एक पाठ स्वीकारायचा. म्हणून इथे 'आवृत्ती' लिहावं. ('पुनरावृत्ती' नको. तिचा अर्थ तेच तेच पुन्हा असा झालाय.) इटलीच्या कासिना कंपनीने २०१९मध्ये आणलेल्या मालिकेचं नावच 'ओमाज आ पिएर जनरे' (फ्रेंचमध्ये 'पिएर जनरे यांना आदरांजली') असं आहे. तिला आवृत्तीही म्हणू नये, 'आदरांजली' म्हणावं.

मापं तीच पण द्रव्य बदललेलं, अशा वस्तूलाही आवृत्तीच म्हणावं, मात्र 'सुधारित' जोडून. चार्ल्स आणि रे ईम्स यांची १९५६ची आरामखुर्ची ब्राझिलियन रोझवुडमध्ये यायची. १९९२मध्ये त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि वरचं लाकूड बदलावं लागलं. दिव्यांत तर हे नेहमीचंच, कारण आत जळणारा बल्बच बदलला. पोल हेनिंगसेन यांना हे १९५८मध्येच कळलं होतं. बल्बांचे आकार सारखे बदलतात म्हणून वैतागून त्यांनी 'पीएच ५' हा दिवा असा घडवला की आत कुठलाही बल्ब लावा, डोळ्यांवर झोत येऊ नये. नावातला ५ आला तो ५० सेंटिमीटरच्या टोपीवरून. आत एलईडी आला तरी तो दिवा आराखड्याबरहुकूमच राहतो, कारण आराखड्यातच बदलाची सोय आहे.

'मिड-सेंच्युरी'चंही या अनुवादिकेने विचारलंय. 'मध्यशतकी' कळायला वेळ लागतो, 'अर्धशतकी' म्हटलं की धावफलक दिसतो. 'पन्नास-साठच्या दशकांतलं' हेच बरं.

तेव्हा त्यांचं अडलेलं वाक्य मी असं करीन: 'पन्नास-साठच्या दशकांतले दिवे आणि खुर्च्या आता मूळ आराखड्याबरहुकूम पुन्हा बनू लागल्या आहेत. विकत घेताना ती वस्तू त्या काळची आहे, बरहुकूम आहे, सुधारित आवृत्ती आहे की नकली, हे दुकानदाराला विचारा.'