आजोबांच्या घड्याळातलं रेडियम चमकत नाही, म्हणजे ते संपलं का?

नाही, रेडियम तसंच आहे. मेलाय तो त्याच्यासोबतचा चमकणारा पदार्थ.

तुम्ही लिहिलंय की घड्याळ वेस्ट एंड कंपनीचं, 1950च्या आसपासचं, आकडे तपकिरी पडलेत, आणि चोर बाजारातला एक जण डायल नवीकोरी रंगवून देतो म्हणतोय. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर द्यायला बसलो.

आकड्यांवरच्या त्या रंगात अगदी नखभर रेडियम आणि बाकी झिंक सल्फाइड असायचं. रेडियममधून सुटणारे अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळले की हिरवट उजेड पडतो, म्हणून ही घड्याळं आधी दिव्याखाली धरावी लागत नसत. पण हाच मारा खाऊन काही वर्षांत झिंक सल्फाइडचे स्फटिक निकामी होतात. रेडियमला मात्र निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. तुमच्या घड्याळातलं आत्तापर्यंत जेमतेम 3 टक्के घटलं असेल.

आयग्लास, म्हणजे घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग, लावून डायल नीट बघा. घड्याळ वर्षानुवर्षं कपाटात बंद पडलेलं असेल, तर काटे जिथे थांबले होते तिथे त्यांच्याच आकाराचे तपकिरी डाग दिसतील. ते किरणोत्सर्गाने भाजलेले डाग. काट्याच्या पोकळीतला रंग तडकलेला असेल, एखादा कण सुटून डायलवर पडलेलाही असेल.

काच बंद असेल तर अल्फा कण बाहेर येत नाहीत. थोडे गॅमा किरण येतात, पण सणासुदीला घालायला हरकत नाही, फक्त रोज उशाशी ठेवू नका. खरी भीती तडकून सुटणाऱ्या त्या रंगाच्या भुकटीची आहे. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात 1917 पासून मुली हे आकडे रंगवायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलेलं. पोटात गेलेलं रेडियम शरीर कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. त्यांचे जबडे सडले, कित्येक जणी गेल्या. ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघींनी कंपनीवर दावा लावला, तो 1928 मध्ये तडजोडीने मिटला. आणि तो रंग तयार करणारा सॅबिन फॉन सोखोकी? तोही त्याच वर्षी किरणोत्सर्गानेच गेला.

आता डायल रंगवणं म्हणजे काय, तर जुना रंग ब्लेडने खरवडायचा. बाजूला कटिंग चहाचा ग्लास, तोंडाला काही नाही, वर पंखा. परदेशातले संग्राहक असल्या रंगवलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात. किंमत पडते ती पडतेच, पण भुकटी जाते त्या कारागिराच्या छातीत. त्यामुळे माझ्या मते डायलला हातच लावू देऊ नका.

सहाच्या आकड्याखाली ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी असेल तर गोष्ट वेगळी. ते ट्रिटियम, म्हणजे रेडियमऐवजी वापरलेला दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ, साधारण साठच्या दशकापासूनचं. ते 12.3 वर्षांत निम्मं होतं आणि त्याचे किरण काचसुद्धा ओलांडत नाहीत. पण तुम्ही सांगता त्या काळाचं घड्याळ असेल तर ते रेडियमच.

मशीनला तेलपाणी करायचं असेल तर घड्याळजींना आधीच सांगा, ‘काका, रेडियमची डायल आहे.’ काच काढल्यावर तोंडाने फुंकर मारू नका म्हणावं, आणि काम झालं की टेबल ओल्या फडक्याने पुसून हात धुवा.