वळीव पडला म्हणून भात पेरू नका

मुरबाड, अंबरनाथ, भिवंडी आणि शहापूरकडून आलेल्या चार प्रश्नांचं मूळ आभाळात आहे, म्हणून एकत्र उत्तर देतो.

मुरबाडचे शेतकरी विचारतात: "मेअखेरीस दोन दणदणीत सरी झाल्या. दुकानदार म्हणतो, यंदा पाऊस लवकर आहे, बियाणं घ्या आणि लगेच पेरा. पेरू का?"

पेरू नका. तो वळीव आहे. दिवसभर काहिली, चारच्या सुमारास घाटाकडून काळं आभाळ चढतं, धुळीचा वारा सुटतो, कडकडाट होतो, तासभर पाणी पडतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऊन. ही ओळख तुम्हाला माझ्याइतकीच आहे, पण दुकानात गोणी समोर आली की ती विसरली जाते. मॉन्सूनचा वारा नैर्ऋत्येकडून लागतो आणि रात्रीही पडत नाही. ढग खाली उतरतात, गडगडाट कमी होतो, पाऊस पहाटेही चालू राहतो. असे तीन-चार दिवस सलग जाऊ द्या. एकूण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुदळ मारल्यावर वीतभर खाली ओल लागली, की मग बी टाका.

2025 साल आठवा. मॉन्सून केरळात 24 मे रोजी आणि मुंबईत 26 मे रोजी आला. एरवीच्या तारखा 1 जून आणि 11 जून. सगळीकडे धावपळ उडाली आणि नंतर त्याची वाटचाल रेंगाळली, जूनच्या पूर्वार्धात पावसाने ओढ दिली. म्हणजे हवामान खात्याने आगमन जाहीर केलं तरी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाहिल्याशिवाय पेरायचं नाही. हवामान आणि शेतीचा सल्ला देणारं सरकारी मेघदूत ॲप मोफत आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो, तो वाचा. दुकानदाराचा अंदाज त्याच्या गोदामातल्या मालावर ठरतो.

रोपवाटिका गादीवाफ्यावरच करा, आणि विहीर, बोअर किंवा ओढ्याजवळ करा. हे मी दरवर्षी सांगतो आणि यंदाही सांगणार. एक हेक्टर लावणीला दहा गुंठ्यांचं रोप पुरतं. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तर दहा गुंठे तुम्ही भिजवू शकता, सगळं शेत नाही. उलट पाऊस कोसळला तरी उंच वाफ्यावर पाणी तुंबत नाही. बी आधी मिठाच्या पाण्यात घाला, दहा लिटरला 300 ग्रॅम. तरंगेल ते पोचट, फेकून द्या. खाली बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.

उघडीप पडली की रोप पिवळं पडतं आणि दुकानदार लगेच युरिया नि टॉनिकची बाटली हातात देतो. घेऊ नका. ओल नसल्याने पिवळं पडलेलं रोप युरियाने करपतं. पाणी द्या. वाफ्याला पेरताना गुंठ्याला एक किलो युरिया आणि पंधरा दिवसांनी तेवढाच, त्यापुढे चिमूटभरही नाही.

अंबरनाथच्या एका दादांनी लिहिलं आहे: "नववीतली मुलगी विचारते, पृथ्वी कललेली नसती तर आपल्याकडे पाऊस पडला असता का? मला सांगता आलं नाही." मुलीचं कौतुक करा, हा शेतीचाच प्रश्न आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून उन्हाळ्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो, जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि समुद्रावरचा ओला वारा इकडे ओढला जातो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो वळून नैर्ऋत्येकडून येतो. तशीच दुसरी पृथ्वी असती, पण सरळ उभी, तर तिथे ऋतूच नसते. पावसाचा मुख्य पट्टा वर्षभर विषुववृत्ताजवळ घुटमळला असता आणि आपल्या अक्षांशावर चार महिन्यांचा पावसाळा जमलाच नसता. भातही नसता. आणि सह्याद्री नसता तर? मुलीला माळशेज घाटाने जुन्नरकडे न्या. मुरबाडच्या बाजूला चिंब, घाट ओलांडून थोडं पुढे गेलं की पाऊस एकदम विरळ. वारा डोंगरावर चढताना थंड होऊन इकडेच रिकामा होतो. म्हणूनच जुन्नर-नगरच्या नातेवाइकांचं पेरणीचं वेळापत्रक आपल्याकडे चालत नाही.

भिवंडीचा प्रश्न: "पाऊस खत धुवून नेतो, म्हणून दुकानदार युरिया दुप्पट टाकायला सांगतो." दुप्पट टाकाल तर दुप्पट धुऊन जाईल. जे उरेल त्याने भात माजेल, कडा करपा येईल आणि परतीच्या पावसात आडवं पडेल. खात्रीचा उपाय भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीतला आहे. 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावणी करा. त्याच दिवशी प्रत्येक चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्यांच्या) मधोमध युरिया-डीएपी खताची 2.7 ग्रॅमची एक गोळी बोटाने चिखलात 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचा. गुंठ्याला 625 गोळ्या लागतात, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. त्यानंतर वरून युरिया फेकायचा नाही. मजुरी जास्त लागते ही तक्रार रास्त आहे, पण खत मुळाशी राहतं आणि बांधावरून वाहून जात नाही.

शहापूर: "गेल्या सप्टेंबरात तुडतुड्यांनी खाचरात गोल चट्टे पाडले. दुकानदाराने तीन औषधं एकत्र करून दिली, तरी वाढले." त्या तिन्हींत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन होतं का, बिल काढून पाहा. ही औषधं तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटक मारतात आणि तुडतुडे आणखी फोफावतात. भातावर तुडतुड्यांसाठी ती वापरायची नाहीत. ढगाळ दमट हवा आणि अधूनमधून ऊन असलं की दर तीन दिवसांनी चूड बाजूला सारून बुंधा पाहा. चुडाला पाच ते दहा तुडतुडे दिसेपर्यंत पंप बाहेर काढू नका. दिसले की आधी खाचरातलं पाणी काढा, मग गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून एकच औषध लेबलवरच्या मात्रेत बुंध्यावर मारा. पानांवरून मारलेलं वाया जातं आणि पाऊस तोंडावर असताना मारलेलं ओढ्यात जातं. दोन औषधं एका पंपात कधीच नाहीत.

पीक विम्याबद्दलही विचारणा आहे: एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद, भाताला तुमचा हिस्सा विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढून आणि ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद) करून ठेवा, शेवटची तारीख तालुका कृषी कार्यालयात विचारा.

बियाणं घेताना पक्कं बिल मागा आणि पिशवीवरचं लेबल शेवटपर्यंत जपा. माळावरच्या वरकस जमिनीला हळवं (लवकर पिकणारं) भात, खोलगट खाचराला गरवं (उशिरा पिकणारं). दुकानात हळवंच शिल्लक आहे म्हणून ते खोलगटात लावाल, तर परतीच्या पावसात ते पिकलेलं उभं असेल आणि दाणे लोंबीवरच मोड काढतील.