रणगाड्याला आधी गाव विचारा

प्रश्न : काका, १९७१च्या बसंतरच्या लढाईतल्या सेंच्युरियन रणगाड्याचं १/३५ मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल केलंय. रंग झाला, नंबर चिकटवले. चिखलासाठी मळ्यातली काळी माती फेविकॉलमध्ये कालवून खालच्या बाजूला थापली. ओली होती तोवर झकास दिसत होती. दोन दिवसांत तडे गेले, खपल्या निघाल्या आणि खपलीबरोबर रंगही आला. वरून सगळीकडे गंज दाखवलाय, तर मित्र म्हणतात भंगारातून आणलास का! कुठं चुकलं?
– कॉलेजातला वाचक, पलूस

उत्तर : अरे, उन्हाळ्यात ज्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच रानातली माती तू प्लॅस्टिकला लावलीस. पाणी प्यायली की फुगायची आणि वाळली की आकसायची हा काळ्या मातीचा स्वभावच. शेतकऱ्याच्या पोराला हे मी सांगावं?

शिवाय तिचा खडा बघ. तुझ्या मापात एक मिलिमीटरचा कण म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा गोटा. म्हणजे तू चिखल नाही, खडी लावलीयस. आणि रंगाचं म्हणशील, तर बसंतर नदी पाकिस्तानात, शकरगडच्या बाजूला. तिकडं नद्यांनी आणलेल्या गाळाची फिकट, भुरकट माती. आपली कृष्णाकाठची काळी तिथं गेली कशी?

आता दुरुस्ती. कोमट पाण्यात भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने लावलेलं सगळं सावकाश सोडव, फेविकॉल पाण्याने मऊ पडतो. रंग उडालाय तिथं परत एक हात दे, नाहीतरी चिखलाखालीच जाणार आहे. बदामी आणि राखाडी खडू ब्लेडने खरवडून घे. कोरडे खडू आण, तेलकट असतात ते नकोत, त्यांची पूड होत नाही. त्यात थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून वस्त्रगाळ कर, आईची जुनी ओढणी चालेल. मॅट वार्निशमध्ये हे पातळ कालव आणि ब्रशवर बोट ओढून चाकांमागे, पुढच्या उतारावर, मडगार्डच्या आत शिंतोडे उडव. वाळल्यावर ते फिकं पडतं, घाबरू नकोस. तो झाला जुना, सुकलेला चिखल. त्यावर अगदी खाली, मोजक्या जागी, त्याच मिश्रणात किंचित गडद रंग आणि चकचकीत वार्निश घालून ओला चिखल दे. गाडी नुकतीच नदी उतरून आली, हे एवढ्यानं कळतं. टरेटवर, म्हणजे वरच्या तोफेच्या फिरत्या बुरुजावर, चिखल नको, तिथं नुसती धूळ.

गंजाबद्दल मात्र मी भांडणार. लष्कराच्या विजयंता रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये माझी बारा वर्षं गेली. रोज चालणारी, रोज हात फिरणारी गाडी अशी गंजत नाही. रंग झिजतो तो माणसं चढतात तिथं, झाकणांच्या कडांना, अवजारं ठेवतात-काढतात तिथं. ट्रॅकची, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याची, जमिनीला घासणारी बाजू तर चांदीसारखी लखलखते; तिथं सहा-बी पेन्सिल बोटानं चोळ. तांबूस रंग फक्त सायलेन्सरला ठेव. सेंच्युरियनचे सायलेन्सर मागच्या बाजूला, दोन्ही ट्रॅकगार्डवर असतात. आणि मागच्या पत्र्यावर डिझेलचे काळे ओघळ काढले असशील तर पूस. विजयंता डिझेल प्यायची, तेव्हा आमच्याकडं ते शोभायचं. सेंच्युरियनचं मिटिऑर इंजिन पेट्रोलवर चालायचं.

तू ‘फामागुस्ता’ करतोयस की दुसरा कुठला, ते लिहिलं नाहीस. १६ डिसेंबर १९७१ ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्याच्यात शेवटपर्यंत लढले, तो हा रणगाडा. वय अवघं एकवीस, मरणोत्तर परमवीरचक्र. त्यांची रेजिमेंट पूना हॉर्स, म्हणजे नाव आपल्याकडचंच. तो रणगाडा लष्करानं नगरला जपून ठेवलाय. नगरला गेलास तर रणगाड्यांचं संग्रहालयही बघ. आकार, जोड, बोल्ट वहीत उतरवून घे. रंग मात्र तिथला उचलू नकोस. प्रदर्शनातल्या गाड्यांवर रंगाचे थर चढत राहतात, लढाईतली गाडी तशी नसते.

प्रश्न : मुलाच्या रणगाड्यावर जुलैत मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि सगळ्यावर पांढुरकी साय आली. डबा खराब निघाला का?
– गृहिणी, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ताई, डब्याला दोष देऊ नका, साताऱ्याचा जुलै आहे तो! थिनर झपाट्यानं उडतो, त्यानं पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. ते ओल्या वार्निशमध्ये अडकलं की साय दिसते. पापड वाळत घालाल अशा दिवशीच वार्निश काढायचं, हा आमच्या घरचा नियम. उघडीप मिळाली की त्याच जातीच्या चकचकीत वार्निशचा एक हलका हात द्या, बहुतेक वेळा साय विरते. मग पुन्हा मॅट, पातळ, दोन वेळा. मागच्या बाजूला आधी थोडं मारून बघा, मुलगा जवळ नसताना.

प्रश्न : एवढा मुद्दाम मळवलेला रणगाडा शोकेसमध्ये ठेवल्यावर त्याच्यावरची धूळ कशी काढायची?
– निवृत्त शिक्षक, तासगाव

उत्तर : गुरुजी, मेकअपचा मऊ, कोरडा ब्रश घ्या. ओलं फडकं अजिबात नको. आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडं सुनेनं एकदा माझी तीन रविवारांची धूळ दिवाळीच्या साफसफाईत पुसून काढली, वर म्हणाली, “बाबा, किती घाण झाला होता!”