कांगारू म्हणजे ‘मला ठाऊक नाही’?

प्रश्न : माझा नातू सातवीत आहे. आमच्या मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने ‘नव्या भूमींचा शोध’ हा विषय निवडला असून भाषणात तो एक गोष्ट सांगणार आहे. कॅप्टन कुकने ऑस्ट्रेलियात उड्या मारणारा एक प्राणी पाहिला, ‘हा कोण?’ असे तिथल्या लोकांना विचारले, ते ‘कांगारू’ म्हणाले, आणि त्या शब्दाचा अर्थ ‘मला ठाऊक नाही’ असा होता. ही गोष्ट मीही लहानपणी ऐकली आहे. ती खरी आहे का? आणि एकमेकांची भाषा मुळीच येत नसताना ही माणसे पहिल्या भेटीत बोलत तरी कशी असतील?
— एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : गोष्ट खरी नाही, आणि ती नातवाच्या भाषणातून काढावी अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. तिच्या जागी घालण्यासारखी खरी हकीकत मात्र हाताशी आहे.

कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज ११ जून १७७० च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर आदळले. तोफांसकट कित्येक टन वजन समुद्रात टाकून ते कसेबसे तरंगते ठेवले गेले आणि दुरुस्तीसाठी एका नदीच्या मुखाशी आणले गेले. आज तिथे कुकटाउन हे गाव आहे. जहाज सुमारे सात आठवडे तिथे होते. तो मुलूख गुगू यिमिथिर लोकांचा. त्यांच्या भाषेत ‘गुगू’ म्हणजे बोली. जुलै महिन्यात त्यांची आणि जहाजावरच्या लोकांची भेट झाली, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने आपल्या रोजनिशीत त्या प्राण्याचे नाव ‘कांगुरू’ असे टिपले.

मग शंका कुठून आली? १८२० मध्ये फिलिप पार्कर किंग हा दर्यावर्दी त्याच नदीवर आला, त्याने त्याच प्राण्याचे नाव विचारले, आणि त्याला अगदी निराळा शब्द मिळाला. तेव्हा कुकच्या मंडळींनी काहीतरी भलतेच ऐकले असावे, असे लोक म्हणू लागले. त्या समजुतीला पुढे ‘मला ठाऊक नाही’ हे शेपूट जोडले गेले. १९७० च्या दशकात जॉन हॅविलंड या भाषाशास्त्रज्ञाने गुगू यिमिथिर लोकांमध्ये राहून त्यांच्या भाषेचा अभ्यास केला, तेव्हा उलगडा झाला. ‘गंगुरू’ हे कांगारूच्या एका विशिष्ट, मोठ्या, गडद रंगाच्या जातीचे नाव आहे. किंगला मिळालेला शब्द ‘मिन्हा’ असावा, आणि त्याचा अर्थ खाण्याजोगे जनावर, म्हणजे शिकार. दोन्ही वेळा उत्तर देणाऱ्यांनी बरोबर उत्तर दिले होते. एकाने जातीचे नाव सांगितले, दुसऱ्याने वर्गाचे. विचारणाऱ्याला आपण नेमके काय विचारले हेच कळले नव्हते.

ही चूक किती सहज होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी जेठ महिन्यात मी छोटा उदेपूरकडच्या तेजगढच्या बाजूला गेलो होतो. एका राठवा आदिवासी घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई सूप घेऊन बसल्या होत्या. सुपात तपकिरी, गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढ्या बिया होत्या. मागे मोहाचे झाड होते. मी हात वर करून झाड आणि सूप दोन्हींकडे दाखवले आणि ‘आ शुं?’ असे विचारले. ‘डोळी’, त्या म्हणाल्या. मी वहीत ‘मोह म्हणजे डोळी’ असे लिहिले. बडोद्याला परतल्यावर एका गुजराती स्नेह्याने वही पाहून सांगितले की झाड ते महुडो. डोळी म्हणजे त्याची बी, आणि तिच्यापासून काढलेले तेल ते डोळियुं. बाईंचे बोलणे अचूक होते. अस्पष्ट होते ते माझे बोट. सव्वाशे किलोमीटरच्या आत, अर्धीमुर्धी समान भाषा असताना हे घडते, तर १७७० मध्ये काय घडत असेल याची कल्पना करावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच येते. हातवारे, वस्तू पुढे करणे, शरीराच्या अवयवांवर बोट ठेवून नावे विचारणे, ही साधने सगळीकडे तीच. दुभाषा नेला तरी तो उपयोगी पडेलच असे नसे. कोलंबसने १४९२ मध्ये हिब्रू, अरामाइक आणि थोडीफार अरबी जाणणारा माणूस बरोबर घेतला होता, कारण आपण आशियात पोचणार अशी त्याची खात्री होती. क्यूबामध्ये त्या भाषा कोणाला येणार! कुकचे नशीब याबाबतीत बरे. ताहितीहून त्याच्याबरोबर तुपाया नावाचा एक विद्वान दर्यावर्दी निघाला होता. प्रशांत महासागरातील सत्तरहून अधिक बेटांची माहिती त्याने नकाशासाठी दिली, आणि न्यूझीलंडला पोचल्यावर माओरी लोकांशी तो सरळ बोलू शकला, कारण दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. ऑस्ट्रेलियात मात्र त्यालाही एक शब्द कळेना. तरीही गुगू यिमिथिर पुरुष भाले घेऊन उभे असताना तोच पुढे गेला, त्याने त्यांना भाले खाली ठेवायला राजी केले आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. परतीच्या वाटेवर बटाव्हिया (आजचे जकार्ता) येथे तो आजाराने वारला. युरोपीय दर्यावर्दींच्या नावांच्या यादीत त्याचे नाव अजूनही क्वचितच येते, याचे मला वाईट वाटते.

आता भाषणासाठी सुचवतो ती हकीकत. १९ जुलै रोजी दहाएक गुगू यिमिथिर पुरुष जहाजावर आले. डेकवर खलाशांनी पकडून आणलेली मोठी समुद्री कासवे होती. पाहुण्यांनी खुणेने एक मागितले आणि ते नाकारले गेले. त्यांनी दोन कासवे ओढत जहाजाच्या कडेपर्यंत नेली, तेव्हा ती काढून घेण्यात आली. बदल्यात पुढे केलेला पाव त्यांनी भिरकावून दिला. किनाऱ्यावर उतरताच त्यांच्यातल्या एकाने डांबराच्या कढईखालच्या विस्तवावर वाळके गवत पेटवले आणि छावणीभोवतालच्या उंच गवताला आग लावली. कुकने छर्ऱ्याची बंदूक झाडली. एकजण जखमी झाला. ते लोक मागे हटले, काही गोरे त्यांच्या मागे गेले. तेव्हा एक वृद्ध पुढे आला. त्याच्या हातातल्या भाल्याला टोक नव्हते. थांबत थांबत, काखेतला घाम बोटावर घेऊन तो जवळ आला. ही समेट मागण्याची रीत आहे, असे आजचे गुगू यिमिथिर लोक सांगतात. कुकने उचलून आणलेले भाले परत केले आणि भांडण मिटले. त्यांच्या किनाऱ्यावरची कासवे विनापरवानगी पकडणे आणि वाटून न घेणे हा त्यांच्या कायद्याचा भंग होता. कुकने आपल्या दैनंदिनीत हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे. कासवे मुळात कोणाची, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःला विचारलेला दिसत नाही.

भाषणाच्या विषयातील ‘शोध’ या शब्दाविषयीही दोन वाक्ये. ऑस्ट्रेलियात माणसे किमान पन्नास हजार वर्षांपासून राहत आहेत, आणि युरोपीयांपैकीही कुक पहिला नव्हे. कुकटाउन ज्या केप यॉर्क द्वीपकल्पावर आहे, त्याच द्वीपकल्पावर १६०६ मध्येच विलेम यान्सझोन हा डच दर्यावर्दी उतरला होता. ‘कुक पूर्व किनाऱ्यावर पोचला’ असे नातवाने म्हटले तर ते बिनचूक होईल.

वेळ उरल्यास शेवटी हे सांगता येईल. १७८८ मध्ये इंग्रजांनी सिडनीला वसाहत केली आणि तिथल्या लोकांशी बोलताना ‘कांगारू’ हा शब्द वापरायला सुरुवात केली. कुकटाउन ते सिडनी अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर, म्हणजे बडोदे ते कन्याकुमारीपेक्षाही जास्त. तिथली भाषा पूर्णपणे वेगळी. स्थानिक लोकांना वाटले की हा इंग्रजांचाच शब्द आहे. पुढे जहाजातून गाई उतरल्या, तेव्हा कोल्बी नावाच्या तिथल्या गृहस्थाने वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याला विचारले, ‘हे कांगारू आहेत का?’